दुसरं कोण म्हणतं?

माझ्या पहिल्या पत्रकात सतरा उद्गारचिन्हं होती, हे मला माझ्या घरमालकांनी, म्हणजे सरांनी, सांगितलं. पत्रक बुवाबाजीविरुद्ध होतं, गुलाबी कागदावर छापलेलं, आणि त्यातल्या एकेका वाक्यावर मी आठवडाभर घाम गाळला होता. सरांनी ते व्हरांड्यात बसून वाचलं. वाचताना पेन्सिलीनं बारीक ठिपके देत गेले. मला वाटलं, आवडलेल्या जागा असाव्यात. शेवटी त्यांनी समासात लिहिलं, ‘उद्गारचिन्हे सतरा. निरीक्षण एक, तेही ऐकीव.’ कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली आणि विचारलं, “चहा घेणार का, पत्रककार?”

मी रागानं चहा घेतला नाही. आता वाटतं, घ्यायला हवा होता. सरांच्या बायकोचा, काकूंचा, चहा चांगला असायचा.

हे नव्वदनंतरच्या दोन-तीन वर्षांतलं. मी रहिमतपूरचा. बी.एस्सी. झालो, नोकरीचे अर्ज फाडून टाकले आणि विज्ञान चळवळीत शिरलो. चळवळीनं मला सांगलीला धाडलं. विश्रामबागेत सरांच्या घरामागची खोली मिळाली. सर कॉलेजात तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून नुकतेच निवृत्त झाले होते. उंच, जरा वाकलेले, सदऱ्याच्या खिशात कायम एक परीक्षानळी आणि तिच्यात बडीशेप. सगळ्यांना अहो-जाहो करायचे. मला, दूधवाल्याला, काकूंना, आणि स्वयंपाकघरात शिरणाऱ्या मांजरालासुद्धा. “अहो, तुम्ही बाहेर व्हा,” असं ते मांजराला म्हणत, आणि मांजर खरंच जायचं.

त्यांचं एक वाक्य अख्ख्या गल्लीला पाठ होतं. कुणी काहीही सांगितलं की ते विचारत, “दुसरं कोण म्हणतं?” मिरजेची बस गेली म्हणून सांगा, शेजारचा मुलगा पास झाला म्हणून सांगा, प्रश्न ठरलेला. लोक चिडायचे. आपल्याला खोटारडं ठरवतायत असं त्यांना वाटायचं. तसं नव्हतं. एका माणसानं, एका जागेवरून, एकदा बघितलेलं सरांना अपुरं वाटायचं, मग तो माणूस ते स्वतः का असेनात. काकूंनी एकदा जेवायला हाक मारली तेव्हाही त्यांनी हेच विचारलं. आतून उत्तर आलं, “तुमचं पोट म्हणतंय.” सर उठले. उठता उठता मला म्हणाले, “हा स्वतंत्र साक्षीदार आहे. मानला पाहिजे.”

साक्षीदार हा त्यांचा लाडका शब्द. थर्मामीटर साक्षीदार, काटा साक्षीदार, काकूंचं नाकही साक्षीदार. मला एकदा ताप भरला तर सरांनी दोन थर्मामीटर लावले, मग काकूंना कपाळावर हात ठेवायला लावला आणि तिघांची साक्ष वहीत लिहिली. त्या वहीत तीन रकाने होते. कोणी बघितलं, काय बघितलं, आणि तिसरा, ‘जुळत नाही’. हा तिसरा सगळ्यात रुंद होता. माझ्या तापाच्या दिवशी दोन्ही थर्मामीटर जुळले. काकूंच्या नावापुढे मात्र लिहिलं होतं, ‘ताप आहेच, पण पोरगं दोन दिवस जेवलेलंही नाही.’ ते खरं होतं. प्रचाराच्या नादात मी जेवलो नव्हतो, आणि कुठल्याही थर्मामीटरनं मला ते विचारलं नव्हतं.

दुधाचंही तसंच. सर रोज दुधात लॅक्टोमीटर सोडायचे, मग एक थेंब अंगठ्याच्या नखावर घ्यायचे, आणि तापवल्यावर काकूंना साय कशी आली ते विचारायचे. एका सकाळी लॅक्टोमीटर म्हणाला, दूध चोख. नखावरचा थेंब म्हणाला, चोख. काकू म्हणाल्या, “म्हैस बदललीय.” मी हसलो. दूधवाल्याला विचारलं तर तो बावरून म्हणाला, “व्हय, जुनी आटली, कालपास्नं दुसरीचं घालतोय. पर तुमास्नी कसं कळालं?” मला वाटलं, सर आता लॅक्टोमीटर फेकून देतील. त्यांनी तो नेहमीसारखा धुऊन, पुसून ठेवला. म्हणाले, “तो खोटं बोलला नाही. पाणी घातलंय का, एवढंच त्याला विचारलं होतं.”

मला हे सगळे चाळे वाटायचे, आणि साधे नव्हे, धोक्याचे. मी गावोगाव जाऊन ओरडून सांगत होतो की विज्ञानाची पद्धत एक, सत्य एक, बाकी सगळं थोतांड. आणि इथं रसायनशास्त्राचा मुरलेला प्राध्यापक थर्मामीटर आणि बायकोचा हात एका पंक्तीला बसवत होता. मी तोंडावर सांगितलं, की सर, तुम्ही मागचं दार उघडं ठेवताय, उद्या त्याच पंक्तीला एखादा बुवा येऊन बसेल. सर म्हणाले, “येऊ द्या. पंक्तीचे नियम आहेत.”

आणि बुवा आला. म्हणजे त्याचा शिष्य आला. आमच्या महाराजांच्या अंगाऱ्यानं कसलंही पाणी शुद्ध होतं, तुम्ही सगळ्यांचं ऐकून घेता असं ऐकलंय, तर दाखल्यावर एक सही द्या, असं त्याचं म्हणणं. मी आतल्या आत पेटलो. सरांनी त्याला चहा दिला, वही पुढे सरकवली आणि कोणतं पाणी, किती वेळात, आणि झालं नाही तर काय समजायचं, हे आधी लिहून द्यायला सांगितलं. शिष्य म्हणाला, श्रद्धा असली की होतं. सर म्हणाले, ठीक, मग किती श्रद्धेला किती पाणी ते लिहा. शिष्य चहा अर्धा टाकून उठला. त्याला फाटकापर्यंत सोडायला गेलेले सर मला ऐकू आले. “राग मानू नका. तुमच्या साक्षीदाराला कधी चुकताच येत नाही. असला साक्षीदार मी बोलवत नाही.”

मी इतका खूश झालो की त्यावर नवं पत्रक लिहायला बसलो. सरांनी खिडकीतून डोकावून मथळा वाचला आणि म्हणाले, “पत्रककार, तुमच्या पत्रकालाही चुकता येत नाही बरं का.” दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही.

आता पेवाचं सांगतो. ते सांगायचं म्हणूनच हे लिहायला बसलोय.

सांगलीला लागून हरिपूर आहे. तिथं हळद जमिनीच्या पोटात ठेवतात. माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, आत वीसेक फूट खोल, रांजणासारखं फुगलेलं विवर. त्याला पेव म्हणतात. आतून उसाचा पाला लावायचा, वरून हळद ओतायची, तोंड मातीनं बुजवायचं. हळद वर्षानुवर्षं टिकते. पण बंद पेवात हवा खराब होते, आणि उघडल्या उघडल्या उतरलेला माणूस वर येत नाही. म्हणून उघडल्यावर काही तास थांबतात, मग दोराला कंदील बांधून आत सोडतात. जळत राहिला तर उतरायचं.

इथवर माझी काही तक्रार नव्हती. तक्रार आबांबद्दल होती. आबा म्हणजे तिथं पेवं उघडणारा म्हातारा, हमालांचा म्होरक्या. कंदील जळत राहिला तरी ते माणूस सोडायचे नाहीत. आधी नारळ फोडायचे. मग भोकं पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात निंबाचा पाला धुमसत ठेवून तो डबा दोरानं आत सोडायचे, मधोमध नव्हे, झोके देऊन कडेला. पेवाची आई कडेला बसते, तिला धूप लागतो, असं त्यांचं म्हणणं. धूर वर तोंडाशी आला तर पेव जागं झालं. आतच रेंगाळला तर पेव निजलंय, उद्या बघू. यापायी कधी कधी अख्खा दिवस जायचा आणि व्यापारी कातावायचे.

मी हे ऐकलं आणि मला माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम पत्रक सुचलं. ‘पेवातील आईचा भांडाफोड!’ आत एक वाक्य होतं, ज्याचा मला फार अभिमान होता. ‘देवी कडेलाच का बसते? मध्ये बसायला तिला कोणी मनाई केली आहे काय?!’ खाली ठळक टाइपात, ‘कंदील जळतो म्हणजे पेव सुरक्षित! बाकी सर्व थोतांड!’ पाचशे प्रती काढल्या. नुसतं वाटून भागणार नव्हतं. मी स्वतः, आबांचा डबा न सोडता, फक्त कंदिलाच्या भरवशावर पेवात उतरणार, वर येणार आणि सगळ्या हमालांच्या हातात पत्रक देणार. एक व्यापारी आनंदानं तयार झाला. त्याचा ट्रक भरायचा होता.

आदल्या संध्याकाळी मी सरांना सांगितलं. ते बडीशेप चघळत होते.

“पेव सुरक्षित आहे असं कोण म्हणतं?”

“कंदील.”

“दुसरं कोण म्हणतं?”

“दुसऱ्याची गरज नाही, सर. ज्वलनाला ऑक्सिजन लागतो. तुम्हीच शिकवलंय तीस वर्षं.”

“ते शिकवलंय खरं,” सर म्हणाले, आणि आत गेले. सकाळी बघतो तर ते सायकलच्या हँडलला पिशवी अडकवून फाटकाशी उभे. पिशवीत चुन्याच्या निवळीची बाटली, म्हणजे कार्बन डायऑक्साइड लागला की पांढरं होणारं पाणी, रबरी नळीचं वेटोळं आणि सायकलचा पंप. पंपातलं वायसर त्यांनी उलटं बसवलं होतं, म्हणजे पंप हवा सोडण्याऐवजी ओढणार. मला लाज वाटली. माझ्या क्रांतीला घरमालक पिशवी घेऊन येत होते.

हरिपुरात पेव पहाटेच उघडून ठेवलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा ऊन चढलेलं. वीसेक माणसं जमली होती, ट्रक उभा होता. आबा जरा लांब, निंबाखाली, डबा मांडीजवळ ठेवून बसले होते. मी कंदील पेटवला, दोरानं आत सोडला. तो खाली हळदीवर टेकला आणि जळत राहिला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. ज्योत हललीसुद्धा नाही. मी लोकांकडे वळून भाषण केलं. काय बोललो ते आठवत नाही, पण आबांकडे हात करून बोललो हे आठवतं. मग शर्ट काढला आणि कमरेला दोर बांधून घेतला. माझ्यामागून उतरायला दोन हमाल पाटी घेऊन उभे होते. त्यातल्या एकाचं लग्न ठरलं होतं आणि बाकीचे त्याला त्यावरून छेडत होते.

आबा उठले नाहीत. बसल्या जागेवरून म्हणाले, “गड्या, तुजा कंदील मदी हाय. आई कडंला हाय.”

लोक हसले. मीही हसलो. सर हसले नाहीत. ते आबांजवळ गेले, उकिडवे बसले आणि वही उघडली. आणि त्यांनी विचारलेला प्रश्न ऐकून मला वाटलं, हे माझी टिंगल करतायत, कारण तो माझ्या पत्रकातलाच होता.

“आबा, आई कडेलाच का बसते? मध्ये का नाही?”

“आवं, मदी मान्सं उतरत्यात न्हवं. मग ती कडंला सरकती. आमचा म्हातारा सांगायचा. त्यातनं पेव अर्दं भरल्यालं असलं की लयच कडंला.”

“हे पेव किती भरलंय?”

“अर्दंच. औंदा मालच कमी व्हता.”

सरांनी वहीत रांजण काढला. रांजणाच्या तोंडातून हळद ओतली की ती मधोमध ढीग करून बसते. त्यांनी ढीग काढला. ढिगाच्या माथ्यावर कंदील काढला. मग ढिगाच्या दोन्ही बाजूंना, खालच्या सखल जागेत, पेन्सिल आडवी धरून रेघा मारत गेले. मी कमरेला दोर बांधलेल्या अवस्थेत ते चित्र बघत होतो. जड हवा कुठं साठते, हे मला माहीत होतं. परीक्षेत लिहिलं होतं. त्याला मार्कही मिळाले होते.

“पत्रककार,” सर म्हणाले, “पाच मिनिटं द्या. मग खुशाल उतरा.”

नळीचं टोक लांब बांबूला बांधून, बांबू तोंडातून तिरका घालून त्यांनी ते कडेच्या खोलगटात पोचवलं आणि आतली हवा निवळीतून ओढायला लागले. आधी बाहेरच्या हवेचे शंभर फटके मारून दाखवले होते, तेव्हा निवळी पाण्यासारखी राहिली होती. आता नळीतली जुनी हवा निघून गेली आणि दोन-तीन फटक्यांत बाटलीत दूध झालं. आबांनी डबा सोडला. झोका देऊन कडेला घरंगळवला. आम्ही सगळे तोंडाशी वाकलो. ऊन थेट आत पडत होतं. धूर डब्यातून निघाला आणि तिथंच, ढिगाच्या पायथ्याशी, गोधडीसारखा पसरून राहिला.

“निजलंय,” आबा म्हणाले.

व्यापारी म्हणाला, धुराचं काय एवढं, कंदील तर जळतोय. तो माझंच पत्रक मला वाचून दाखवत होता. सरांनी त्याच्याशी वाद घातला नाही. माझा कंदील वर ओढून घेतला, बांबूच्या टोकाला बांधला आणि माझ्या हातात दिला. “तुमचा साक्षीदार आहे. तुम्हीच विचारा.”

मी बांबू तिरका आत घातला. ढिगाच्या माथ्याशी ज्योत ठणठणीत होती. तिथून एक-दीड हात खाली, कडेकडे नेला. ज्योत आधी लांबट झाली, मग लाल, आणि मग नव्हती.

मी दोर सोडायला गेलो तर गाठ सुटेना. शेवटी लग्न ठरलेल्या हमालानं ती सोडवली. ढिगावर उतरल्यावर पहिलं काम काय असतं हे त्याला ठाऊक होतं. कडेला सरायचं, वाकायचं आणि पाटी भरायची.

ट्रक रिकामा गेला. परत येताना आम्ही सायकली हातात धरून चालत होतो. सर मला बोल लावतील म्हणून मी वाट बघत होतो, खरं तर लावावेत असं वाटत होतं. ते निवळीची बाटली उन्हात धरून बघत होते. म्हणाले, “हिच्या एकटीच्या साक्षीवर मीही चुकलो असतो. तुमच्या श्वासानंही ही पांढरी होते. मी ते पेव वर्षभर बंद ठेवायला लावलं असतं.” आईबद्दल विचारलं तेव्हा म्हणाले, आबांचं कारण त्यांच्यापाशी, मला ते पटत नाही, पण त्यांनी बघितलेलं मला पटतं. आणि नारळ? तो मुद्दा माझ्या मनात ठसठसत होताच. सरांनी तोही आबांना विचारून घेतला होता. नारळानं काय कळतं, असं. आबा म्हणाले होते, “काय न्हाई. नारळ खायाला.” वहीत नोंद होती, ‘नारळ: साक्षीदार नाही. प्रसाद.’

त्या दिवशी काकूंनी चहा केला आणि मी दोन कप घेतले.

आता मी साताऱ्यात असतो. पत्रकं अजून लिहितो, बुवांवर अजून तुटून पडतो, आणि त्याबद्दल मला जराही खंत नाही. पण मजकूर छापखान्यात जाण्याआधी सांगलीला जातो, टपालानं. आठ दिवसांत कार्ड येतं. मागच्या कार्डावर लिहिलं होतं, ‘उद्गारचिन्हे दोन. निरीक्षणे सहा, पैकी चार तुमची स्वतःची. मांजराला तीन पिल्ले झाली. काकू म्हणतात चार.’

आणि त्या पाचशे प्रती. लोक विचारतात, त्यांचं काय केलं. दुसऱ्या दिवशी आम्ही परत हरिपूरला गेलो. आबांनी आणि हमालांनी निंबाच्या फांद्या दोराला बांधून आतली हवा घुसळून घेतली होती. डबा सोडायची वेळ आली, पण पाला ओला होता, पेट धरेना. सरांनी माझ्याकडे बघून अत्यंत अदबीनं विचारलं, “पत्रककार, आपल्याजवळ कोरडा कागद असेल का?”

माझ्याजवळ पाचशे होते. पेटले चांगले. बांबूवरचा कंदील कडेला नेला, तो जळत राहिला. निवळी बराच वेळ पंप मारल्यावर जराशी धुरकटली. आणि भांडाफोडाचा धूर कडेनं उठला, हळूहळू वर चढला आणि पेवाच्या तोंडातून आमच्या डोळ्यांत गेला.

मी उतरलो. सरांनी नको म्हटलं नाही. आत गार होतं, हळदीचा वास घशापर्यंत गेला. मी ढिगावरून कडेला सरलो, वाकलो, आई बसते त्या जागी हात टेकला आणि चार मोठे श्वास घेतले. मग वर आलो, पिवळा होऊन. तोंडाशी सर वही उघडून उकिडवे बसले होते.

“ठीक आहे, सर,” मी म्हणालो. “मी अगदी ठीक आहे.”

“दुसरं कोण म्हणतं?”

आबांनी माझ्या छातीवर पंजा ठेवला, जरा वेळ ठेवला, आणि म्हणाले, “मी म्हनतो की. लिवा. जित्तं हाय.”